उभ्याउभ्या सगळंच बरं वाटतं

रोहितचा मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हा आमच्या ऑफिसातला पोरगा, लातूरचा, आत्ता कुठं त्याच्या हातात ग्रीन कार्ड पडलंय. मेसेजमध्ये एका काळ्या होल्स्टरचा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘ताई, हे घेऊ का? रिव्ह्यू मस्त आहेत, उद्या डिलिव्हरी.’ होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान. हे पँटच्या आत, शर्टाखाली अडकवायचं होतं, कुणाला दिसू नये असं. इथं ॲरिझोनात कायद्याला ते चालतं.

आता मी काय पिस्तूलवाली आहे का? मी त्या वस्तूला बोट लावलेलं नाही आणि लावणारही नाही. मला विचारलं, कारण गणवीर काकांना आता विचारता येत नाही. आमच्या चँडलर गावातल्या मराठी माणसाला या विषयातलं काही हवं असलं की तो काकांना गाठायचा. विहारात जेवणाच्या रांगेत, नाहीतर कुणाच्या बारशात, कोपऱ्यात नेऊन, घसा खाकरून. काका असे बदनाम होते, आणि त्यांच्याबरोबर दोन-तीनदा दुकानात गेल्यामुळं थोडी मीही झाले. मी रोहितला लिहिलं, ‘ती लिंक बंद कर. शनिवारी दुकानात जाऊन अंगावर घालून बघ, मगच काय ते ठरव.’ एवढं लिहीपर्यंत तव्यावरची भाकरी करपली. आणि मग दिवसभर काकाच डोक्यात.

काका आमच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मशीनवाले इंजिनिअर होते, रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिलेली. मी नवीन लागले तेव्हा त्यांच्या हाताखाली होते. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवावा लागतो, आपल्या अंगावरचा कणसुद्धा चिपवर पडू नये म्हणून. मी मापाचा सूट घेतला, घातला, झिप लावली आणि निघाले. काका दारात उभे. तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसत होते.

“खाली बस,” ते म्हणाले.

“इथं?”

“उकिडवी बस. आता हात वर कर. आता पलीकडचा बोल्ट काढतो तशी वाक.”

वाकले तर पाठीत सूट असा ताणला की श्वास घेता येईना. त्यांनी मला तीन मापं घालायला लावली, तिन्हीत उठाबशा काढायला लावल्या. मागं रांग लागली होती. मी मनात म्हटलं, हा म्हातारा पहिल्याच दिवशी माझी शोभा करून राहिला आहे. ते मात्र शांतपणे म्हणाले, “उभ्याउभ्या सगळंच बरं वाटतं बाई. काम काही उभ्याउभ्या होत नाही.”

हे त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावलेलं होतं. गादी घ्यायला गेले की बूट काढून आडवे व्हायचे, डोळे मिटायचे, आणि इतका वेळ पडून राहायचे की सेल्समन येऊन बघून जायचा, माणूस जिवंत आहे ना. चष्मा घ्यायचा तर दुकानातल्या बाकावर एका कुशीवर झोपून पेपर वाचून बघणार. चपला घालून पायऱ्या चढून-उतरून येणार. एकदा आम्हाला सोफा घ्यायचा होता म्हणून मी त्यांना हौसेनं बोलावलं आणि चांगलीच पस्तावले. त्यांनी प्रत्येक सोफ्यावर मांडी घालून बघितली. “आपण काय नुसते पाय सोडून बसतो का? टीव्ही लागला की पाय वर,” असं त्या दुकानदाराला इंग्रजीत समजावलं. लीलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, लांब दिव्यांच्या विभागात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना हे सगळं पाठ होतं. “हा माणूस उशीसुद्धा आठवडाभर विचार करून घेतो,” त्या म्हणाल्या. “मला बघायला आले तेव्हा मात्र उभ्याउभ्या हो म्हणाले.”

काकूंबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी झालं. काकू भंडाऱ्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. इथं आल्या तरी पायाला भिंगरीच. सकाळी चालायला, दुपारी बसनं लायब्ररीत, रविवारी विहारात पोरांचा मराठीचा वर्ग. गाडी चालवायच्या नाहीत, पण गावातल्या सगळ्या बसची वेळ त्यांना माहीत. पोरं त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची आणि काकू सरळ सांगायच्या, “मला ऐकू नाही आलं.” मराठीत बोललं की लगेच ऐकू यायचं.

एका दुपारी देशी किराण्याच्या दुकानाबाहेर, भर उन्हात, त्यांना एकानं लुटलं. पोरगाच होता, टोपी घातलेला. शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल दाखवलं, पर्स घेतली, हातातल्या पाटल्या ओरबाडून काढल्या, आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही. काका शेजारी ट्रॉली धरून उभे होते. काय करणार? पोलीस आले, त्यांनीही तेच सांगितलं, तुम्ही काही केलं नाहीत तेच बरं झालं. मनगटावरचे ओरखडे आठवड्यात बरे झाले. पण काकू घरात बसल्या त्या बसल्याच. चालणं बंद, बस बंद, वर्ग बंद. पडदे ओढलेले. गाडीत बसून यायच्या, पण काच वर, दार लॉक, आणि खाली उतरायचं नाव नाही. मी भेटायला गेले की दाराच्या भिंगातून आधी माझं तोंड बघायच्या, मग माझ्या मागं कुणी आहे का ते बघायच्या. बोलता बोलता त्या बारीक होत गेल्या. डॉक्टर झाले, समुपदेशनवाली बाई झाली. काही फरक नाही.

काकांनी मला पुढं कधीतरी सांगितलं की एका रात्री त्या म्हणाल्या होत्या, “तुम्ही नुसते उभे होतात.” आणि सकाळी चहाच्या वेळी म्हणाल्या, “तुमच्याजवळ काही असलं तर मी येईन बाहेर.”

काकांचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. त्यामुळं बंदुकीचं कौतुक काकांना लहानपणापासूनच नव्हतं. रोज पंचशील म्हणणारा माणूस. पण बायको डोळ्यांदेखत वाळत चाललेली. त्यांनी कोर्स केला, लायसन्सची इथं सक्ती नसताना लायसन्स काढलं. नवीन पिस्तूल दुकानातूनच घ्यावं लागतं, ते त्यांनी लांबच्या गावी जाऊन, टोपी आणि गॉगल घालून घेतलं, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. आणि काकूंनी शब्द पाळला. पहिल्यांदा खाली उतरल्या त्या भाजीच्या दुकानात, काकांच्या दंडाला धरून. काकांनी मला फोन करून सांगितलं, “लीलानं आज स्वतः वांगी निवडली.” एवढंच सांगायला फोन होता.

पण चूक इथंच झाली. जो माणूस उशीसुद्धा झोपून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, त्यानं होल्स्टर आणि पट्टा घेतला घरबसल्या, ऑनलाइन. लाजेपायी. विहारातला ज्येष्ठ माणूस असल्या दुकानात आरशासमोर उभा राहून पिस्तूल कुठं लपवू म्हणून विचारणार, हे त्यांना झेपेना. मग आपण सगळे करतो तेच त्यांनी केलं. तारे बघितले, रिव्ह्यू वाचले, सवलत बघितली. आलं ते मऊ कापडाचं, लिबलिबीत. उभं राहिलं की छान. बसलं की पिस्तुलाचा मागचा भाग बरगडीत.

रविवारी विहारात वंदनेला बसले. विहार म्हणजे भाड्याचा हॉल, पण बसतो आम्ही खालीच, सतरंजीवर. पंचांग प्रणाम करताना गुडघे, हात, कपाळ जमिनीला लागतात. काका पहिल्या प्रणामाला वाकले आणि कळवळले. काकू पलीकडं बायकांत बसल्या आहेत हे बघून ते हळूच बाहेर गेले, कमरेचं काढून गाडीत सीटखाली सरकवलं आणि परत येऊन बसले. कुणाला काही कळलं नाही.

त्या दिवशी आमची गाडी गॅरेजात होती, म्हणून परत जाताना मी आणि माझी मुलगी मैत्रू काकांच्या गाडीत मागं बसलो, काकू पुढं. मैत्रू तेव्हा पहिलीत होती. तिचा रंगखडू खाली पडला, ती वाकली, आणि वर आली तेव्हा तिच्या हातात ते होतं, म्यानासकट. तिनं विचारलं, “काका, इज धिस युअर्स?”

काकांनी गाडी बाजूला घेतली. तिच्या हातातून ते दोन्ही हातांनी काढून घेतलं आणि म्हणाले, “थँक यू बेटा.” आवाज नेहमीचाच होता. मी मात्र तिथं रस्त्यावर उतरून त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. भरलेलं होतं ते. त्या कापडातून चाप सहज दाबला गेला असता. मी मुलीचा हात धरून उन्हात चालत घरी आले, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांचा फोन घेतला नाही. काकूंचाही नाही. काकांवरचं माझं प्रेम तेव्हाही कमी झालं नव्हतं, पण ते मी आजही विसरलेले नाही.

मग एका संध्याकाळी ते दारात येऊन उभे. आत या म्हटलं तरी आत येईनात.

“माफी मागायला नाही आलो,” म्हणाले. “माफ करण्यासारखं नाहीच ते. पण सोडून देता येत नाही मला. सोडलं तर लीला पुन्हा घरात बसेल, आणि या खेपेला उठणार नाही. तू सांग, काय करू?”

मी सांगितलं, “ते एकतर तुमच्या अंगावर राहील, नाहीतर घरी तिजोरीत कुलपात. तिसरी जागा नाही. सीटखाली नाही, पर्समध्ये नाही, ड्रॉवरमध्ये नाही.”

त्यांनी मान हलवली. “अंगावर राहायचं असेल तर टोचून चालायचं नाही. टोचतं ते माणूस काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेलं दुसऱ्याच्या हाती लागतं. हे मला कळायला पाहिजे होतं. सगळ्या जगाला शिकवून राहिलो होतो ना मी.” मग म्हणाले, “चल माझ्यासोबत. तुझ्यासमोर घेतो.”

अशी मी त्या दुकानात गेले. एका रांगेतलं साधं दुकान, एका बाजूला नेलपॉलिशवाली, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांची केसकापणी. काउंटरवर डॉना, सत्तरीची गोरी बाई, चष्मा दोरीला लटकवलेला. काकांनी तिला न लाजता सगळं सांगितलं, रंगखडूसकट. तिनं ते कापडी होल्स्टर त्यांच्या हातातून घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग काउंटरखालून निळ्या प्लॅस्टिकचं पिस्तूल काढलं. आकार, वजन खऱ्यासारखं, पण नुसताच ठोकळा. त्यात काही भरता येत नाही, काही उडत नाही. दुकानात घालून बघायचं ते यानं.

डॉनानं सांगितलं की कमर म्हणजे घड्याळ समजा, बेंबीवर बारा. कुणाला एक वाजता बरं पडतं, कुणाला तीन, कुणाला चार. पोट कुठं आहे, बसता कसे, गाडी किती चालवता, त्यावर आहे. म्यान कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं. पट्टा असा ताठ हवा की वजनानं वाकता कामा नये. आणि पँट एक माप मोठी. काकांचा चेहरा असा खुलला की बास. त्यांच्याच जातीची बाई भेटली होती त्यांना.

मग त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. चार वाजता अडकवलं आणि दुकानात खाली मांडी घालून बसले. उठले. बुटाची नाडी बांधली. वरच्या फळीवरचं काढल्यासारखा हात वर केला. डॉनाला बाहेर घेऊन गेले आणि गाडीत बसून सीटबेल्ट लावून बघितला. परत आले, आणि मग सरळ दुकानाच्या फरशीवर, गोळ्यांच्या खोक्यांसमोर, गुडघे टेकून पंचांग प्रणाम केला. एक गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं. “शर्ट वर जातो का मागं?” कपाळ फरशीला टेकलेलं असतानाच काकांनी मला विचारलं. जात होता. मूठ दिसत होती. मग तीन वाजता. मग एक वाजता, ते पोटात रुतलं. डॉनानं म्यानाच्या मागं स्पंजची छोटी उशी चिकटवली, ते जरा बरं झालं, पण प्रणामाला नाहीच. शेवटी तीन आणि चारच्या मध्ये, थोडं तिरकं, उशीसकट जमलं. डॉना म्हणाली, “अजून अर्धा तास फिरा. पहिली दहा मिनिटं सगळेच खोटं बोलतात.” काका अर्धा तास फिरले. दोघांत मी एका स्टुलावर बसून वैतागले होते, आणि तरी पहिल्यांदाच मला जरा हायसं वाटलं.

परत येताना गाडीत ते म्हणाले, “आता विहारातही अंगावरच राहील. दुसरा उपाय नाही, माझ्याजवळ नसलं तर ती गाडीतून उतरत नाही. पण तुला सांगतो वैशाली, पहिलं शील म्हणताना माझा आवाज बारीक होतो.” मी पुढच्या रविवारी कान देऊन ऐकलं. खरंच बारीक होत होता. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं ते शील आहे, पहिलंच. काकू मात्र मागच्या खोलीत पोरांवर ओरडत होत्या, मला ऐकू नाही आलं म्हणून. दोन्ही आवाज मला एकदमच ऐकू येत होते.

हळूहळू गावात बातमी फुटली आणि काकांकडं गिऱ्हाइकं यायला लागली. काका पहिला प्रश्न विचारायचे, “व्हिसावर आहेस का ग्रीन कार्डवर?” व्हिसावरच्या माणसाला इथं कायद्यानं पिस्तूल ठेवता येत नाही, म्हणजे विषय संपला, निम्मे तिथंच गळायचे. दुसरा प्रश्न, “संडासात गेलास तर कुठं ठेवशील?” लोक हसायचे. काका हसायचे नाहीत, उत्तराची वाट बघत उभे राहायचे. त्यांनी डॉनाकडून एक निळा ठोकळा विकतच घेतला होता. ज्याला हवं त्याला दुकानात नेऊन मनासारखं म्यान निवडून द्यायचे, आणि मग तो ठोकळा देऊन सांगायचे, आठवडाभर घाल. जेव, झोपाळ्यावर बस, पोरांना खांद्यावर घे, आणि मग ये. एक पुण्याचा गृहस्थ हसत हसत परत आला. म्हणाला, “काका, धमालच झाली, मॉलच्या बाथरूममध्ये विसरलो होतो, सिक्युरिटीवाल्यानं आणून दिलं.” काका म्हणाले, “निळं होतं म्हणून हसून राहिला.” त्या माणसानं पुन्हा विषय काढला नाही. एक डेंटिस्ट बाई आली होती, तिला पिस्तुलाच्या कप्प्याची सुंदर पर्स हवी होती. “पर्स हॉटेलात कुठं ठेवतेस?” “खुर्चीला अडकवते.” “मग नको.” मला वाटतं, काकांनी जितक्यांना दुकानात नेलं त्यातल्या बहुतेकांना रिकाम्या हातानं घरी पाठवलं. डॉना त्यांना म्हणायची, तू माझा धंदा बुडवणार. पण ते आले की कॉफी तीच ओतायची.

काकांचा हात थरथरायला लागला तो आधी उजवा. कपबशी वाजायची. मग त्यांनी बशी घेणं सोडलं, मग कप अर्धाच भरायला लागले. पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा त्यांनी मला कोरडेपणानं सांगितलं, जणू मशीनचा एखादा पार्ट बदलायचा आहे. गाडी चालवणं बंद झालं. मी त्यांना न्यायला-आणायला लागले. एका शनिवारी म्हणाले, डॉनाकडं चल.

मला वाटलं नवीन पट्टा हवा असेल, वजन उतरलं होतं त्यांचं. त्यांनी डॉनाचा निळा ठोकळा मागितला, म्यानात घातला, शर्ट वर करून बाहेर काढला. काढता आला. परत आत घालताना म्यानाचं तोंड सापडेना. हात हलत होता, आणि बोट जाऊन चापावर बसलं. पुन्हा केलं, पुन्हा बोट तिथंच. डॉनानं दुसरं म्यान दिलं, मोठ्या तोंडाचं. तिसरं दिलं. काका घामाघूम झाले होते. शेवटी त्यांनी ठोकळा काउंटरवर ठेवला आणि डॉनाला इंग्रजीत म्हणाले, “तुझ्या सामानात दोष नाही. आता मीच चालत नाही.” डॉनानं चष्मा काढून पुसला. कॉफी ओतायचं तिला सुचलं नाही.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “लीलाचं काय करू?”

तेव्हा मीच ते सुचवलं. जी मी बंदुकीच्या नावानं बोटं मोडते, तीच मी म्हणाले, “काका, तो तुमच्याकडचा निळा ठोकळा घाला ना. शर्टाखाली काय आहे ते कुणाला दिसतंय? काकूंना बाहेर पडण्याशी मतलब.” मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही, खरं सांगायचं तर. काकूंनी पुन्हा पडदे ओढून घ्यावेत यापेक्षा प्लॅस्टिकचा तुकडा काय वाईट?

काकांनी ते करूनही बघितलं. मी त्यांना किराण्याच्या दुकानात न्यायला गेले होते. काकू तयार, साडीवर हलकं जॅकेट, पायात सँडल, खांद्याला पिशवी. काका आतून आले, शर्ट नेहमीसारखा बाहेर सोडलेला. काकूंनी सवयीनं त्यांच्या कमरेकडं एक नजर टाकली आणि दंड धरला. दोघं दारापर्यंत गेले. काकांनी कडीला हात घातला, आणि तिथंच थांबले.

“लीला, हे खोटं आहे,” म्हणाले. शर्ट वर करून तो निळा ठोकळा दाखवला. “खरं मी विकून राहिलो. माझ्या हातात ते आता धोक्याचं आहे. चोराला नाही, तुलाच.”

काकूंनी त्यांचा दंड सोडला. खाली वाकून एक सँडल काढली, मग दुसरी. पिशवी खुंटीला लावली आणि आत निघून गेल्या. आतल्या खोलीतला पडदा ओढल्याचा आवाज आला. काका तसेच दाराशी. मी त्यांच्यावर चिडले, कशाला सांगितलंत म्हणून. ते म्हणाले, “तिला खोटं अंगावर घालून बाहेर नेऊ? माझ्या भरवशावर येते ती.”

पुढचे आठवडे भाजी मीच पोचवली. वांगी मी निवडायची आणि काकू ती बघून नाक मुरडायच्या, एवढंच काय ते बोलणं.

काका यंदा गेले. शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात त्यांच्याजवळ होते, पण ते काही मला सांगायचं नाही. त्यांची आठवण काढली की मला दिसतात ते पिस्तूल डॉनाला विकायला गेले त्या दिवशीचे.

मी दोघांना घेऊन गेले होते. काकूंना घरात एकटं राहायचं नव्हतं आणि गाडीतून उतरायचंही नव्हतं. मग असं ठरलं की काकांनी एकट्यानं आत जायचं आणि मी काकूंजवळ गाडीत बसायचं, दारं लॉक करून. काका आत गेले. हातात पिस्तुलाची काळी पेटी, तिला नंबर फिरवायचं बारीक कुलूप. दुकानाच्या काचेच्या दारातून काउंटर सरळ दिसत होता. त्यांनी पेटी ठेवली, डॉनाशी काहीतरी बोलले आणि कुलूप उघडायला लागले.

उघडेना. ती इवलीशी चाकं त्यांच्या बोटांत ठरत नव्हती. एक नंबर लागला की दुसरा सरकायचा. डॉनानं हात पुढं केला, त्यांनी मान हलवली. डॉना हात मागं घेऊन उभी राहिली. काका पुन्हा वाकले.

“काय करून राहिले इतका वेळ?” काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या.

“कुलूप उघडत नाही त्यांना. मी जाऊन येऊ?”

“नको, मला एकटीला नको सोडू.”

मी बसून राहिले. इंजिन चालू, एसी चालू. काका आत तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पहिल्या चाकापासून सुरू करत होते. त्यांची पाठ आमच्याकडं होती आणि ती पाठ हलत होती, हातांबरोबर. काकू पुढं वाकून माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग गाडीचं लॉक उघडल्याचा खट्ट आवाज आला. मी वळून बघेपर्यंत मागचं दार उघडून काकू खाली उतरल्या होत्या.

पार्किंगमध्ये ऊन नुसतं तापलेलं. दोन पुरुष ट्रकला टेकून सिगारेट ओढत होते. काकू त्यांच्या समोरून गेल्या. चालण्यात घाई नव्हती, पण थांबल्याही नाहीत. इकडंतिकडं त्यांनी पाहिलं नाही. दार ढकललं, आत गेल्या, पर्समधून वाचायचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि काकांच्या हाताखालची पेटी स्वतःकडं ओढून घेतली. नंबर त्यांना माहीत होताच, एकेक चाक फिरवलं. झाकण उघडलं.

काका पेटीकडं बघतच नव्हते. ते वळून बाहेर बघत होते, गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं तिकडं, आणि तिथून दुकानापर्यंतच्या त्या मोकळ्या जागेकडं.